बगदादची बॅटरी, बर्डीचा डबा आणि जस्ताचा खिळा

डब्यावर पिरॅमिड, त्यामागे उडती तबकडी आणि खाली ठळक अक्षरांत ‘वाळवंटातल्या परग्रहवासीयांची २००० वर्षांपूर्वीची वीज’. नागपूरच्या बर्डीवरच्या एका खेळण्यांच्या दुकानात ‘बगदादची बॅटरी’ घरी बनवायचा हा संच १,२५० रुपयांना मिळतो. आत तीन मातीच्या बरण्या, तीन तांब्याच्या नळ्या, तीन खिळे, डांबराच्या तीन चकत्या, एक लाल एलईडी, क्लिपा लावलेल्या चार वायरी आणि एक पुस्तिका निघते. वर ‘लिबियन वाळवंटी काच’ म्हणून पिवळं लॉकेट फुकट.

आधी ज्या जुन्या भांड्याची ही नक्कल आहे, ती मूळ वस्तू. १९३६ मध्ये बगदादजवळ खुजुत राबू इथे ती सापडली. ही जागा टायग्रिसच्या खोऱ्यातली, त्यामुळे डब्यावरचं वाळवंट आणि पिरॅमिड दोन्ही चित्रकाराच्या मनातलेच. सुमारे १४ सेंटिमीटर उंचीची बरणी, आत तांब्याच्या पत्र्याची ९ सेंटिमीटरची नळी, तिच्यात लोखंडी सळई आणि तोंडाला डांबराचं बूच. इराक संग्रहालयात काम करणाऱ्या विल्हेल्म कोनिग यांनी १९३८ मध्ये ही बॅटरी असावी असं मांडलं. लक्षात घ्या, त्यांनीही ती माणसांचीच म्हटली होती. तबकडी नंतर आली.

संचातल्या बरण्यांची मापं मूळ वस्तूच्या बरीच जवळची आहेत, हे मान्य करायला हवं. नळीत ३५ मिलिलिटर व्हिनेगर पुरतं. काठोकाठ भरलंत तर खिळा घालताना सांडतं आणि डांबर ओलं होऊन चिकटत नाही. तिन्ही बरण्या एकामागे एक जोडायच्या: पहिल्या नळीचं तांबं दुसऱ्या खिळ्याला, दुसरीचं तिसऱ्याला. शेवटच्या तांब्याला एलईडीचा लांब पाय आणि पहिल्या खिळ्याला आखूड. पुस्तिकेत हेच चित्र उलटं छापलंय, म्हणून निम्मी घरं पहिल्या दिवशी ‘खराब निघाला’ म्हणत दुकानात परत जात असतील. पाय बदला, पेटेल.

आणि पेटतो खरंच! अंधाऱ्या खोलीत मंद, पण लाल ठिपका दिसतो. खरी गंमत इथेच आहे. मल्टिमीटर लावला की एका बरणीवर ०.९ व्होल्टच्या आसपास आकडा येतो. तांबं आणि लोखंड व्हिनेगरमध्ये एवढं देत नाहीत, ०.४ ते ०.५ व्होल्ट, बस. मग उरलेलं कुठून आलं? खिळा नीट बघा: चंदेरी, चकचकीत, हार्डवेअरवाले ज्याला जीआय म्हणतात तो. त्यावर जस्ताचा थर आहे, आणि एलईडी पेटतो तो जस्त-तांब्यावर. रात्रभर व्हिनेगरमध्ये राहिला की बुडबुडे येत थर विरघळतो, खिळा करडा-काळा पडतो, मीटर ०.४५ वर येतो आणि तिन्ही मिळून १.३५ व्होल्ट. लाल एलईडीला साधारण १.८ लागतात. दुसऱ्या दिवशी परग्रहवासी गप्प.

खऱ्या लोखंडावर काही चालवायचंच असेल तर काटे नसलेलं छोटं डिजिटल घड्याळ जोडा. त्याला १.५ व्होल्टचा सेल लागतो, पण ते वीज इतकी कमी खातं की १.३५ वरही आकडे दिसतात. चिमूटभर मीठ घातलं की द्रव वीज बरी वाहून नेतो. मोरचूद वापरला तर सुरुवातीला आकडा ०.७ च्या पुढे जातो, पण लोखंडावर लगेच तांब्याचा लाल लेप चढतो आणि थोड्याच वेळात खेळ खलास. संत्र्याचा रसही चालतो, फक्त नंतर नळी लगेच धुवा. कुठलाही द्रव वापरल्यावर पिऊ नये, हे पुस्तिकेत नाही. ते हवंच होतं.

डांबराची चकती हा दुसरा घोळ. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत गॅलरीत ठेवली की ती मऊ पडते, खिळा कलतो, नळीच्या भिंतीला टेकतो आणि शॉर्ट होऊन मीटर शून्य. खाली रबरी वॉशर बसवला की खिळा मधोमध राहतो. नळीचं बूडही नुसतं दाबून बसवलंय, तिथून द्रव झिरपतो आणि बरणी माठासारखी पाझरते. बुडाला आतून मेण ओता.

आता एक गोष्ट जी डबा सांगत नाही: मूळ वस्तूत तांब्याची नळी डांबराखाली पूर्ण झाकलेली आहे, वायर जोडायला तांब्याचं टोकच बाहेर नाही. वायरीही सोबत सापडल्या नाहीत. संचवाल्यांनी मात्र प्रत्येक चकतीत एक खाच ठेवून तांब्याची पट्टी बाहेर काढली आहे. जवळच्या सेल्युशिया आणि टेसिफॉन या प्राचीन शहरांत सापडलेल्या तशाच भांड्यांवरून ही लिखित गुंडाळ्या ठेवण्याची भांडी असावीत, असं बरेच पुरातत्त्वज्ञ मानतात. ‘विजेने सोन्याचा मुलामा’ हा पुस्तिकेचा दावाही टिकत नाही. पाऱ्यात सोनं मिसळून, वस्तूला लावून, तापवून पारा उडवायचा ही रीत जुनी आहे. त्या काळच्या मुलाम्याचा उलगडा तिनेच होतो.

उरलं लॉकेट. खरी लिबियन काच इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात मिळते, वय सुमारे २.९ कोटी वर्षं, जवळजवळ ९८ टक्के सिलिका. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामुन याच्या छातीवरच्या दागिन्यातला भुंगा याच काचेचा आहे. ही काच उल्काघातानं तयार झाली असं मानलं जातं, म्हणजे आकाशाशी तिचा संबंध आहेच, पण तेव्हा माणूसच नव्हता. घरी तपासायची रीत: ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या खिशातल्या तराजूवर पाण्याचा कप ठेवून शून्य करा, दोऱ्याला बांधलेला तुकडा बुडाला न टेकवता पाण्यात सोडा. वाढलेला आकडा म्हणजे घनफळ. धातूची कडी आधी काढा, नाहीतर हिशोब चुकतो. या तुकड्याचं कोरडं वजन १२.४ ग्रॅम, पाण्यातला आकडा ५.०, म्हणजे घनता २.४८: बाटलीची काच. खरा असता तर आकडा ५.६ च्या आसपास आला असता, कारण खरी घनता २.२ आहे. शिवाय कडेला साच्याची बारीक रेघ आणि आत गोलगरगरीत बुडबुडे आहेत.

सातवी-आठवीतल्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा संच वाईट नाही, तांबं चांगल्या जाडीचं आहे. पण बरणी कुंभाराकडून, नळी प्लंबरकडून आणि एलईडी सुटा आणला तर बराच कमी खर्च येतो. संचच घेतलात तर खिळे बदलायला मागा. जीआय नको, साधा काळा खिळा द्या म्हणा.