अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातून घटस्फोटाची नक्कल: सात महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत मामेबहिणीचा पुण्याहून फोन आला. "ताई, माझ्या डिव्होर्सची सर्टिफाइड कॉपी लागतेय. माझ्याकडे नुसती झेरॉक्स आहे, तीही फिकट." तिचा घटस्फोट २०१४ साली कॅलिफोर्नियात झाला आणि वर्षभरात ती परत गेली. आता विशेष विवाह कायद्याखाली दुसरं लग्न करायचं ठरत होतं. वकीलबाईंनी बजावलं होतं की हातात अस्सल सही-शिक्क्याची प्रत आल्याशिवाय नोटीसच द्यायची नाही. नोटीस दिली की तीस दिवस थांबायचं आणि तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. मध्येच कागद अडकला तर परत पहिल्यापासून. मी राहते कॅलिफोर्नियातल्याच बे एरियात, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, दोन आठवड्यांत करून टाकू.

कुरिअर पुण्याला पोचलं सप्टेंबरात.

आधी माझा मूर्खपणा सांगते. "घटस्फोटाची नोंद लगेच मिळवा" म्हणणारी एक खाजगी साइट दिसली, तीस डॉलर भरले आणि हाती काय आलं, तर बहिणीचं वय, तिचे जुने चार पत्ते आणि "संभाव्य नातेवाईक" या मथळ्याखाली माझं नाव! कोर्टाचा कागद एकही नाही. असल्या साइट्सकडे कोर्टाची नक्कल नसतेच. सर्टिफाइड कॉपी देऊ शकतो तो फक्त त्या कोर्टाचा क्लर्क.

कोणतं कोर्ट, हा पुढचा प्रश्न. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) आणि प्रत्येकीचं स्वतःचं सुपिरिअर कोर्ट. घटस्फोटाचे निकाल राज्यभरातून एका जागी मिळतील असं ठिकाण नाही. राज्याचं आरोग्य खातं १९६२ पासून जून १९८४ पर्यंतच्या घटस्फोटांचा एक छोटा दाखला देतं. घटस्फोट झाला होता एवढंच त्यात असतं, निकालपत्र नाही. बहिणीला आठवत होतं ते तिच्या तेव्हाच्या घराचं गाव, म्हणून मी त्या काउंटीत दोन आठवडे शोधत बसले. पण अर्ज नवऱ्याने केला होता, आणि तोवर तो शेजारच्या काउंटीत राहायला गेला होता. दोघांपैकी एकजण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेला असला की तिथे अर्ज करता येतो. तेव्हा अर्ज कोणी केला आणि तेव्हा तो कुठे राहत होता, हे आधी विचारा. लग्न कुठे झालं याचा इथे काही संबंध नाही. (आमच्या मामी शेवटपर्यंत म्हणत होत्या, "लग्न नाशिकला झालं ना, मग नाशिकच्या कोर्टात का नाही विचारत?")

योग्य काउंटीच्या कोर्टाच्या ऑनलाइन पोर्टलवरही आडनाव घालून काही सापडेना. माहेरचं घालून पाहिलं, सासरचं घालून पाहिलं, "देशपांडे" छाप आडनावांची जेवढी स्पेलिंगं होऊ शकतात तेवढी सगळी करून झाली. शेवटी एका रात्री तिने जुन्या पासपोर्टचा फोटो पाठवला आणि ट्यूब पेटली. त्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा होता आणि नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं एकाच ओळीत होतं. अशा वेळी अमेरिकन व्हिसावर ती अख्खी ओळ आडनाव होते आणि नावाच्या जागी "एफएनयू" पडतं, म्हणजे "नाव माहीत नाही". कोर्टाच्या सूचीतही ती तशीच होती. तिच्या स्वतःच्या नावाने सुरू होणारं तीन शब्दांचं आडनाव, आणि पहिलं नाव एफएनयू. आपल्याकडच्या किती बायका या देशात एफएनयू होऊन गेल्या असतील, देव जाणे. नवऱ्याच्या नावाने शोधलं असतं तर पाच मिनिटांत मिळालं असतं, पण त्याचं नाव टाइप करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. रागाचे असेही तोटे.

केस नंबर मिळाला की निम्मी लढाई जिंकली. क्लर्कला स्वतः शोध घ्यायला लावलात आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर त्याचे पंधरा डॉलर वेगळे. पोर्टलवर केसची जंत्री दिसते. अर्ज कधी दाखल झाला, समन्स कधी बजावलं, जजमेंट कधी लागलं, सगळं तारीखवार. पण कागदावर क्लिक केलं की काही उघडत नाही. मला वाटलं पोर्टल बिघडलंय, म्हणून हेल्पलाइनला तक्रारही केली. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "बिघडलेलं नाही, नियमच तसा आहे." कॅलिफोर्नियाच्या कोर्ट नियमांत २.५०३ नावाचा नियम आहे. त्यानुसार कौटुंबिक खटल्यांची सूची आणि जंत्री घरबसल्या दाखवता येते, प्रत्यक्ष कागद मात्र कोर्टाच्या इमारतीत येऊनच पाहायचे. सार्वजनिक आहेत, कोणीही या, कारण सांगायचीही गरज नाही, पण या.

तेव्हा चिडले होते. मत बदललं ते एप्रिलमधल्या एका मंगळवारी, कोर्टाच्या तळमजल्यावरच्या संगणकासमोर बसल्यावर. केस नंबर टाकला आणि ३४ पानं समोर आली. पहिली पानं छापील फॉर्मची, मागे समझोत्याचा करार. कोणी किती पगार सांगितला, कुठल्या बँकेत किती, गाडी कोणाला, क्रेडिट कार्डाचं देणं कोणी फेडायचं. एका ओळीत "सोन्याचे दागिने, पत्नीकडे", त्याखाली "वेट ग्राइंडर, पत्नीकडे". तो ग्राइंडर मी तिच्या डोहाळजेवणाला दिला होता. पुढे काय झालं ते आम्ही घरात कधी बोललो नाही, आणि इथे ते टाइप करून, पान क्रमांक घालून ठेवलेलं. शेजारच्या संगणकावरचा गृहस्थ हे वाचू शकला असता. इथे पैशाचे तपशील मागणी केली की सीलबंद करायचा कायदा होता, तो २००६ साली बर्कल खटल्यात अपील कोर्टाने घटनाबाह्य ठरवला, कारण कोर्टाचं काम लोकांसमोर चालावं. मुद्दा पटतो. पण ते वाचायला निदान बस पकडून यावं लागतं, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

संध्याकाळी फोनवर तिने विचारलं, "ताई, तू वाचलंस का सगळं?" मी म्हटलं, फक्त पहिली तीन पानं. थाप होती.

त्या दिवशी खिडकीवर नक्कल मिळाली असती, पण मी पोचले तोवर खिडकी बंद झाली होती आणि पुन्हा सुट्टी काढणं शक्य नव्हतं. म्हणून टपालाने अर्ज केला. घटस्फोटाच्या निकालाची सर्टिफाइड प्रत १५ डॉलर, वर पानामागे ५० सेंट. मी हिशेब केला तो तीन पानांचा, साडेसोळा डॉलरचा चेक लावला. महिन्याने अख्खं पाकीट परत, वर पिवळी चिठ्ठी: रक्कम अपुरी. करारही निकालाचाच भाग होता, म्हणजे ३२ डॉलर. यावर इथली युक्ती अशी, की चेकवर रक्कम लिहायचीच नाही, खाली "५० डॉलरपेक्षा जास्त नको" एवढं लिहायचं. आकडा क्लर्क भरतो. सही केलेला कोरा चेक सरकारी ऑफिसला टपालाने पाठवायचा! बाबांना सांगितलं तर ते दोन मिनिटं बोललेच नाहीत. पण दुसऱ्या खेपेला त्यानेच काम झालं, आकडा बरोब्बर ३२. स्वतःचा पत्ता आणि तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवायला विसरू नका, तेही मोठं. ३४ पानं लहान पाकिटात कोंबून पाठवली तर शिक्क्याला घडी पडते.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. निकालाचा फॉर्म एफएल-१८० नावाचा. तो आला की नुसता शिक्का बघून खूश होऊ नका, तीन गोष्टी वाचा. एक, वैवाहिक नातं कोणत्या तारखेला संपलं. ही तारीख निकाल दाखल झाल्याच्या तारखेहून वेगळी असू शकते, कारण समन्स बजावल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात. बहिणीच्या कागदावर दोन्हींत पाच आठवड्यांचं अंतर होतं, आणि ती इतकी वर्षं सगळीकडे चुकीची तारीख लिहीत होती. दोन, खटला एकतर्फी चालला की लढवला गेला, त्याची चौकट. तीन, प्रतिवादीला फक्त समन्स बजावलं गेलं की तो स्वतः हजर झाला, त्याची चौकट.

पुण्यातल्या वकीलबाईंनी नेमकं हेच पहिल्यांदा विचारलं. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न परदेशी कोर्टाने मोडलं तर ते भारतात आपोआप ग्राह्य धरत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या वाय. नरसिंह राव निकालापासून समोरची बाजू खरोखर हजर होती का, तिची संमती होती का, हे बघितलं जातं. बहिणीच्या फॉर्मवर "हजर" वर खूण होती, करारावर तिची सही होती. तरी बाई म्हणाल्या, तिने दिलेलं उत्तरही सर्टिफाइड करून मागवा. ते तीन पानांचं. आणि त्याची फी? निकालाला जी १५ डॉलरची सवलत, ती इतर कागदांना नाही. तिथे शिक्क्याचेच ४० डॉलर. ३४ पानं ३२ डॉलरला, तीन पानं साडेएकेचाळीसला.

अपोस्टिलचं, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून त्याला जोडायच्या सरकारी प्रमाणपत्राचं, काम त्यामानाने सरळ झालं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे वकिलातीत जावं लागत नाही. राज्याच्या राजधानीला, सॅक्रमेंटोला, कागद पाठवायचे, कागदामागे २० डॉलर, देशाचं नाव स्पष्ट लिहायचं. आलेला कागद स्टेपल काढून स्कॅन करायचा मोह टाळा. ती पिन म्हणजे त्या प्रमाणपत्राचा जीव आहे.

गुण द्यायचे तर कोर्टाला पाचपैकी साडेतीन. खिडकीवरची माणसं सभ्य, फी ठरलेली, कोणी चहापाणी मागितलं नाही. दीड गुण कापले ते टपालाच्या वेळेसाठी आणि त्या पोर्टलसाठी, कारण "हा कागद कोर्टात येऊन पहा" एवढी एक ओळ तिथे लिहायला काय जात होतं?

हे सगळं कॅलिफोर्नियाचं. आमच्या महाराष्ट्र मंडळात बातमी पसरल्यावर आणखी दोघांची कामं आली. न्यूयॉर्कवाल्या मैत्रिणीला मी काहीच मदत करू शकले नाही. तिथे घटस्फोटाची फाइल शंभर वर्षं बंद असते, फक्त नवरा-बायको आणि त्यांचे वकील बघू शकतात. (आणि तिथे खालच्या कोर्टाचं नाव सुप्रीम कोर्ट. तिच्या सासूबाईंना वाटलं, प्रकरण दिल्लीपर्यंत गेलंय.) दुसरं काम एका काकांचं. घटस्फोट १९७९ चा, इथलाच. आता ग्रीन कार्डच्या कागदांत आधीच्या प्रत्येक लग्नाचा शेवट दाखवायचाय. ती फाइल मायक्रोफिल्मवर. परवा क्लर्कचा फोन आला, फिल्म सापडली, पण दुसरं पान काळं आलंय. शुक्रवारी काकांना घेऊन जाते. त्यांनी विचारलंय, तिथे सगळं वाचावं लागेल का?