साडेआठशेचा स्कॅनर: पिकअपवाल्यांनी घ्यावा का?

गेल्या जूनमध्ये वाशी मार्केटला टोमॅटो खाली करून परत येत होतो. माळशेज घाट चढताना पिकअपची इंजिनाची पिवळी लाइट लागली आणि गाडीचा दमच गेला. मागे नुसती रिकामी कॅरेट, तरी तिसऱ्या गिअरला ओढेना. दुसऱ्यावर कशीबशी वर आणली. गाडी २०१८ ची, बीएस ४ डिझेल.

दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपला दाखवली. त्यांनी लॅपटॉप लावला, दोन मिनिटांत लाइट घालवली आणि सहाशे रुपये घेतले. कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) कोणता होता म्हणून विचारलं, तर "सेन्सरचा होता" एवढंच उत्तर. तीन दिवसांनी लाइट परत हजर. या वेळी "टर्बो गेला, बदलावा लागेल" असं सांगितलं आणि जो आकडा ऐकवला, त्यात माझी टोमॅटोची अर्धी रोपं आली असती. नारायणगावचा बाजार ऐन भरात, गाडी एक दिवस उभी राहिली तरी माल वेलीवर लाल होऊन जातो. त्या रात्री भाच्याने मोबाइलवरून गाडीतले असे कोड फोनवर दाखवणारा साडेआठशेचा ब्लूटूथ स्कॅनर मागवून दिला.

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसवायचा, चावी ऑन करायची, फोनला जोडताना १२३४ टाकायचं आणि ॲप उघडायचं. पहिल्यांदा जोडायला दहा मिनिटं गेली, आता अर्ध्या मिनिटात होतं.

कोड आला पी ०२९९. म्हणजे टर्बोने जेवढी हवा दाबून द्यायला हवी तेवढी मिळत नाही. हे नीट वाचा, कारण माझे पैसे इथेच वाचले. टर्बो खराब आहे असं कोड म्हणत नाही, हवा कमी पडतेय एवढंच म्हणतो. ती फाटक्या पाइपातून जात असेल, फिल्टर तुंबला असेल, व्हॅक्यूमची बारीक नळी निघाली असेल किंवा प्रेशरचा सेन्सरच चुकीचं सांगत असेल. टर्बो या यादीत आहे, पण शेवटी.

ॲपमध्ये फ्रीझ फ्रेम म्हणून एक पान आहे. कोड पडला त्या क्षणाचे आकडे गाडी साठवून ठेवते. माझे होते २२०० आरपीएम, वेग ३४, इंजिनाचं तापमान ९१. म्हणजे चढावर, जोर पडल्यावरच. मग लाइव्ह डेटा, म्हणजे त्या त्या क्षणाचे चालू आकडे, लावला. इंजिन बंद, चावी ऑन असताना हवेचा दाब ९३ किलोपास्कल दाखवला. आमच्या जुन्नरच्या उंचीला तो तेवढाच असतो, म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. भाच्याला शेजारी फोन धरून बसवलं आणि चढावर पाय दाबला, तर आकडा १२५ च्या पुढे जाईना.

घरी येऊन बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणाऱ्या जाड रबरी पाइपावर, क्लिपेच्या अगदी मागे, काळपट तेलकट ओल होती आणि तिच्यावर धूळ चिकटलेली. वरून पाइप धड दिसत होता. खालून बोट फिरवलं तर नखभर चीर हाताला लागली. जोर पडला की ती उघडायची. पाइप आणि दोन नव्या क्लिपा मिळून चौदाशे रुपये. त्यानंतर त्याच चढावर दाब २०० च्या वर गेला.

मग कोड उडवला, आणि तेही फ्रीझ फ्रेमच्या पानाचा फोटो फोनवर काढून ठेवल्यावर. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, गाडीने स्वतः केलेल्या चाचण्यांची नोंदही कोरी होते. वर्कशॉपने नेमकं तेच केलं होतं, खूण पुसली आणि दुखणं तसंच ठेवलं. तुमची गाडी दुसरीकडे दाखवायला नेणार असाल तर कोड अजिबात उडवू नका, समोरच्याला तो दिसू द्या.

आता उणिवा. डब्यावर आतल्या चिपचं नाव ईएलएम ३२७, व्हर्जन १.५ असं छापलंय. मूळ कंपनीने १.५ कधी काढलंच नव्हतं, म्हणजे हा नकली चिपचा माल आहे. माझा चालतो, पण हाच घेतलेल्या आमच्या शेजाऱ्यांना तो बदलून घ्यावा लागला, त्यांच्या गाडीला जोडलाच जाईना. पी ० ने सुरू होणारे सगळ्या गाड्यांचे सामायिक कोड नीट वाचतो. पी १ वाले कंपनीचे स्वतःचे कोड नुसता नंबर दाखवून थांबतो. एबीएसची (ब्रेकच्या यंत्रणेची) लाइट लागली तर याचा उपयोग नाही, इंजेक्टर कोडिंगही (नव्या इंजेक्टरचा नंबर गाडीच्या संगणकात भरणं) होत नाही, त्याला वर्कशॉपचाच स्कॅनर लागतो. आयफोनवाल्यांनी हा साधा ब्लूटूथचा घेऊ नये, वायफायवाला बघावा.

आणि काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा. तिथे चावी बंद असली तरी बॅटरीचा करंट येत असतो. पावसात माझी गाडी आठवडाभर उभी होती आणि डबा तसाच राहिला होता, सकाळी धक्का मारून सुरू करावी लागली. बॅटरी जुनी होती हेही खरं, पण तेव्हापासून तो डॅशबोर्डच्या खणात, गाडीच्या कागदांसोबत असतो.

पाच पैकी चार देतो. पाइप बदलल्यावर वाशीच्या अकरा खेपा झाल्या, लाइट लागलेली नाही.