गेम मॉडिंगची सुरुवात: सीएमडी, पॉवरशेल की डब्ल्यूएसएल?

धुळे-जळगावकडे मॉडिंगच्या, म्हणजे गेमच्या फायलींत स्वतःचे बदल करण्याच्या, नादाला लागलेल्या पोरांकडे बहुतेक वेळा मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप असतो, रॅम चार नाहीतर आठ जीबी, आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. मॉडिंगची बरीच टूल्स कमांड टाइप करून चालवावी लागतात; त्या कमांड कुठल्या खिडकीत द्यायच्या, ही निवड करायची ती हे धरूनच.

सीएमडी, म्हणजे विंडोजची जुनी कमांड खिडकी, सगळ्यांत सोपं. मॉडचं फोल्डर उघडा, वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत सीएमडी टाइप करून एंटर मारा. खिडकी थेट त्याच फोल्डरात उघडते. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) डीडीएस फॉरमॅटमध्ये बदलणारं टेक्सकॉन्व्ह हे टूल तिथे ठेवलेलं असेल तर नुसत्या नावाने चालतं. अडतं ते लूप, म्हणजे एकच काम अनेक फायलींवर करणारी कमांड, लिहायची वेळ आली की. लूपमधल्या अक्षराआधी खिडकीत टक्क्याचं चिन्ह एकदा, बॅच फाइलमध्ये (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) तेच दोनदा. यात भलेभले गंडतात.

पॉवरशेल, म्हणजे सीएमडीचा नवा, जास्त ताकदीचा भाऊ, विंडोज 10 आणि 11 मध्ये आधीपासून असतं, म्हणजे डेटा खर्च नाही. आतल्या-आतल्या फोल्डरांतल्या सगळ्या वेव्ह फायली शोधून एकेक एफएफएमपेगला (आवाज-व्हिडिओच्या फायली बदलणाऱ्या टूलला) देणं इथे एका ओळीत होतं. पण खोड्या आहेत. समोरच्याच फोल्डरातलं टूल चालवायला नावाआधी टिंब आणि बॅकस्लॅश लागतो, नाहीतर लाल अक्षरांत ओरडा सुरू. त्याहून छळणारी गोष्ट अशी, की सोबत येणाऱ्या 5.1 आवृत्तीत आउटपुट बाणाच्या चिन्हाने (>) फाइलमध्ये वळवलं तर ते यूटीएफ-16 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या वेगळ्या पद्धतीत, साठतं. नोटपॅडमध्ये कॉन्फिग (सेटिंगची) फाइल अगदी धडधाकट दिसते, आणि गेमला ती वाचताच येत नाही! बाणाऐवजी आउट-फाइल ही कमांड वापरून एन्कोडिंग अ‍ॅस्की सांगितलं की इंग्रजी मजकुरापुरता प्रश्न मिटतो.

डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या पोटातलं लिनक्स, शिकायला झकास. पण उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) डाउनलोड करा, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा, वर ते निम्म्यापर्यंत रॅम खाऊ शकतं. शिवाय गेम असतो सी ड्राइव्हवर, आणि तिथल्या फायली डब्ल्यूएसएल 2 मधून संथ उघडतात. मॉडिंगपुरतं तरी ते बाजूलाच राहू द्या. टूल अधूनमधून चालवणार असाल तर सीएमडी पुरे. स्वतःचे मॉड बनवणार असाल तर पहिल्या दिवसापासून पॉवरशेलच धरा.

काहीही घ्या, गेमच्या फोल्डरची कॉपी आधी काढा. डेस्कटॉप असेल आणि कन्व्हर्जन चालू असताना लाइट गेली, तर सगळ्यांत शेवटी तयार होत असलेली नवी फाइल हाताने उडवून मगच पुन्हा चालवा. ओव्हरराइट (आधीच्या फाइलवर नवी लिहिणं) बंद ठेवलं असेल तर एफएफएमपेग ती अर्धवट फाइल तशीच सोडून देतं.