शॉकअप: घरी की गॅरेजात?

भाच्याने विचारलं, "मामा, गाडीचे शॉकअप घरीच बदलू का?" मी म्हटलं, मागचे बदल, पुढचे नको.

घरी मजुरी वाचते, पण जॅकस्टँड (उचललेली गाडी पेलणारे स्टँड), टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) विकतच आणायचे तर पहिल्या खेपेला बचत कसली! मागे स्प्रिंग वेगळी असेल तर काम सोपं. अॅक्सलखाली (चाकांच्या आसाखाली) जॅक लावायचा, वर-खालचे बोल्ट काढायचे. गंजलेला नट मात्र अंत पाहतो. माझा एक रात्रभर तेलात भिजूनही हलला नाही. पुढे स्ट्रटवर, म्हणजे शॉकअप-स्प्रिंगच्या एकत्र जोडणीवर, स्प्रिंग दाबून बसवलेली; ती दाबून धरणारा कॉम्प्रेसर निसटला तर हात जायचा. वर अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, गॅरेज गाठावंच लागतं.

टिकण्यात फरक नाही, फक्त जोडीने बदला आणि बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा.

मोकळा रविवार, सपाट जागा असेल तर मागचे घरी. सोमवारी गाडी हवीच असेल तर चारही गॅरेजात.