'साठ' की 'आठ': उंच आवाज खाली आणणारं श्रवणयंत्र घ्यावं का?

भाजीवाली "साठ रुपये" म्हणाली की आईला "आठ" ऐकू यायचं. ऐकू येतं पण कळत नाही, ही तिची कायमची तक्रार. ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं याचा आलेख, पाहिला तेव्हा उलगडा झाला: १००० हर्ट्झपर्यंत कान बरा, पुढे रेघ थेट खाली घसरलेली. 'आ'चा जोर खालच्या पट्टीत असतो. 'स'चा, विशेषतः बायकामुलांच्या बोलण्यात, ६००० च्याही वर. म्हणून 'साठ'मधला नेमका 'स' गळायचा.

नेहमीचं मशीन उंच आवाज आहे तिथेच मोठा करतं. तिथे कानात जीव उरला असेल तर यासारखं दुसरं काही नाही, कारण आवाजाचा पोत तोच राहतो. पण कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशीच मेल्या असतील, तर कितीही वाढवा, कर्कशपणा तेवढा वाढतो. वर मशीन शिट्टी मारू लागतं.

मग येतं कॉम्प्रेशन, म्हणजे उंच पट्टी दाबून खालच्या, ऐकू येणाऱ्या भागात आणणं. फोनाक कंपनीच्या यंत्रांत ते 'साउंडरिकव्हर' नावाने मिळतं. गाण्याच्या भाषेत सांगते: एक सप्तक वर चढलं की हर्ट्झचा आकडा दुप्पट. समजा २००० पासून दाबायला सुरुवात केली, तर २००० ते ८००० ही दोन सप्तकं एका सप्तकात, म्हणजे २००० ते ४००० मध्ये बसवायची. २००० च्या खाली हात लावायचा नाही. ८००० चा आवाज ४००० वर येतो आणि ४००० चा साधारण २८०० वर. खरी गोम इथेच आहे. दोघांमधलं ४००० चं अंतर १२०० वर आलं, आणि 'स' व 'श' ओळखायचे ते याच अंतरावरून. फार दाबलं की 'साल' आणि 'शाल' सारखेच वाटतात. मराठीत 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च यांतही हीच फुंकर आहे, त्यामुळे आपल्याला हा फटका अधिक बसतो असं मला वाटतं. कुठून दाबायचं आणि किती, एवढ्या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. 'स' ऐकू येण्यापुरतंच दाबून घ्या, त्यापुढे नको.

वायडेक्स कंपनीने २००६ मध्ये 'इंटिओ' यंत्रात वेगळी वाट धरली: उंच पट्टीतला तुकडा न दाबता उचलून एक सप्तक खाली ठेवायचा. तुकड्याचा आकार टिकतो, पण तो आधीच्या आवाजावर जाऊन बसतो. एकाच पाटीवर दोनदा लिहिल्यासारखं. ओटिकॉन कंपनीचं 'स्पीच रेस्क्यू' मूळ आवाज जागेवर ठेवून खाली त्याची प्रत देतं.

माझं मत विचाराल तर ३०००-४००० पर्यंत कान शाबूत असेल, तर साधंच मशीन घ्या. मात्र कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज प्रत्यक्ष मोजून घ्या, त्याशिवाय "उपयोग नाही" म्हणू नका. त्याच्या आधीच रेघ कोसळत असेल तर हलकं कॉम्प्रेशन. उचलून ठेवण्याचा मार्ग २००० नंतर काहीच उरलं नसेल तेव्हा. भजन-नाट्यगीत ऐकणाऱ्यांनी त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम मागावा, ज्यात हे सगळं बंद असेल. नाहीतर तानपुऱ्याचे वरचे स्वर जागा सोडतात आणि जवारी बिघडल्यासारखी वाटते.

काही आठवडे वापरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सुरुवातीला 'स' पत्रा घासल्यासारखा येतो, मेंदूला वेळ लागतो. घरी तोंडासमोर कागद धरून साठ-आठ, साल-शाल म्हणून बघा. आईला आता 'साठ' नीट कळतं. 'साल' अजून कधी कधी 'शाल' होते. पुढच्या वेळी दाब आणखी थोडा कमी करून घेणार आहोत.