उद्यमनगरातले टाकीवाले मामा आणि आमची 1929 ची फोर्ड

आधी निकाल सांगून टाकते. काम पाचपैकी पाच, वेळ पाळणं पाचपैकी दोन, बिलाचा कागद शून्य.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांच्या ओळीत हे गॅरेज आहे. पाटी नाही. बाहेर ट्रॅक्टरच्या टाक्या आणि फुटके रेडिएटर रचलेले दिसले की समजायचं आलो. मालकांना सगळे मामाच म्हणतात.

गाडी मॉडेल ए फेटन, म्हणजे उघडी, कापडी छपराची, उजव्या स्टिअरिंगची. आपल्याकडच्या त्या काळच्या फोर्ड बहुतेक कॅनडाहून यायच्या, तशीच हीसुद्धा. गाडी सासऱ्यांची, आता चालवते मी. दुखणं असं, की मिरजेतून निघाल्यावर आठ-दहा किलोमीटर झकास पळायची, मग मिसिंग मारायची आणि बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. आधीच्या एका गॅरेजने (नाव घेत नाही) यावर इलाज म्हणून इलेक्ट्रिक पंप आणि मोटारसायकलचा कागदी फिल्टर बसवून दिला होता. त्यानंतर बंद पडणं तर थांबलंच नाही, वर पेट्रोल गळायला लागलं.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॉडेल ए ला मुळात पेट्रोल पंपच नाही. टाकी पुढच्या काचेखाली, आपल्या गुडघ्यांसमोर असते, आणि मीटरची पट्टी टाकीच्याच पाठीवर बसवलेली. तिथून पेट्रोल नुसत्या उताराने झेनिथ कार्ब्युरेटरपर्यंत येतं. दाब एक पीएसआयसुद्धा भरत नाही, आणि कार्ब्युरेटरची नीडल (त्याची वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) तेवढाच दाब अडवायला बनवलेली. पंपाचा जोर तिला कुठून आवरणार? वाटी ओसंडायची. झेनिथ खालून वर ओढणारा, मॅनिफोल्डच्या खाली लटकलेला, त्यामुळे जास्तीचं पेट्रोल इंजिनात न जाता खाली ठिबकायचं. शेजारी तापलेला एक्झॉस्ट. यातून गाडी जळाली नाही ही अंबाबाईची कृपा. कागदी फिल्टरचंही तसंच, पंपाच्या गाडीत ठीक, पण उताराच्या पेट्रोलाला तो अडथळाच.

मामांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "वहिनी, बंद पडल्यावर टाकीचं टोपण उघडलं तर फुस्स वाजतंय का?"

वाजायचं! मला वाटायचं उन्हाने होतं. जुनं टोपण हरवल्यावर कुणीतरी दुसऱ्या गाडीचं घट्ट टोपण बसवलं होतं, त्याला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल खाली उतरतं तसा टाकीत निर्वात होतो आणि धार आटते. पंप, फिल्टर, प्लग, कॉइल, सगळ्यावर खर्च झाला होता आणि मूळ रोग टोपणात. मामांनी पंप सोडवून माझ्या हातात दिला.

रोग तेवढाच नव्हता म्हणा. फायरवॉलवरची गाळाची वाटी उघडली तर जाळीवर तपकिरी पीठ बसलेलं. मी म्हटलं, कार्ब्युरेटर धुऊन द्या. मामा म्हणाले, "वरनं घाण येतीय तवर खाली धुऊन काय उपेग? आधी टाकी." ही टाकी उतरवणं म्हणजे गाडीचा अर्धा चेहरा उतरवणं. स्टिअरिंगची दांडी तिलाच धरलेली असते, वायरिंग तिच्यावरूनच जातं. दुसरीकडे कुणी याला हात लावायला तयार नव्हतं. इथे मुलांनी प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून डब्यांत ठेवला, आणि मला तिथेच खात्री पटली.

टाकी वाफेने धुतली, मग साखळीचे तुकडे आणि पाणी घालून हलवून हलवून गंज पाडला. शिवणीपाशी बारीक भोक निघालं. त्यावर ज्योत न लावता तापवलेल्या तांब्याच्या खड्याने (डाग द्यायच्या हत्याराने) कथलाचा डाग दिला, तोही पुन्हा सकाळभर वाफ दिल्यावर. पेट्रोलची टाकी कितीही धुतली तरी शिवणीत वाफा दबून राहतात, म्हणून एवढा जप. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. आतून केमिकलचा लेप द्या असा माझा आग्रह होता, तो मामांनी मोडून काढला. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात लेप सुटला की त्याचेच पापुद्रे जाळीत येतात, हे त्यांचं म्हणणं. सगळेच लेप टाकाऊ असतील असं मला वाटत नाही, पण टाकीला गंज बेताचाच होता, तेव्हा ऐकलं.

मला सगळ्यात आवडला तो जेटचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याचा, तपास. भिंतीवर तीन फुटांची उभी पारदर्शक नळी, वरून पाणी, खाली जेट आणि मापाचं भांडं. मोबाइलवर मिनिट लावायचं आणि किती मिलीलिटर पडलं ते मोजायचं. आमचं मेन जेट हवं त्यापेक्षा बरंच जास्त पाणी सोडत होतं. कुण्या जुन्या मिस्त्रीने तार घालून साफ करता करता भोक मोठं करून ठेवलेलं. भिंगातून पाहिलं तर कडेला ओरखडे स्पष्ट दिसत होते. नवीन जेट अमेरिकेहून मागवलं. तिथे या गाडीचे सुटे भाग अजून नवे बनतात.

ऑक्टेनचा प्रश्न बरेच जण विचारतात. या इंजिनाचं कॉम्प्रेशन 4.22 ला 1, म्हणजे अगदी कमी. साध्या पेट्रोलचं ऑक्टेनसुद्धा त्याला रग्गड झालं, महागड्या पेट्रोलने ताकद वाढत नाही. काळजी घ्यायची ती इथेनॉलची. तो पाणी ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची. आणि गाडी थांबवली की डॅशखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा, नाहीतर रात्रभर सगळा भार त्या एका नीडलवर.

नंतर पन्हाळा चढून आले. न थांबता, न गळता. (याच्या आधीच्या मॉडेल टी ची टाकी सीटखाली असायची, पेट्रोल कमी असलं की लोक ती चढावर उलटी घालत. आम्ही सुखी.)

आता तक्रारी. "शनिवारी या" हे वाक्य इतके शनिवार ऐकलं की शेवटी मी वारच विचारायचं सोडलं. जेट धरून 28,000 रुपये झाले, मला ते वाजवी वाटले, पण हिशेब सिगरेटच्या पाकिटाच्या मागे. रंगवलेल्या मडगार्डवर पाने-स्पॅनर ठेवतात, घरून जुनी गोधडी न्या. काढलेले भाग मागितल्याशिवाय मिळत नाहीत, मागितले की सगळे मिळतात.

एक काम राहिलंय. पेट्रोलच्या गेजचा कॉर्कचा फ्लोट (तरंगणारा तुकडा) पेट्रोल पिऊन जड झालाय, त्यामुळे टाकी भरलेली असताना गेज अर्धीच दाखवतं. तूर्त टोपण काढून लाकडी पट्टीने मोजते. फ्लोट दिवाळीनंतर बदलून देतो म्हणालेत. कुठल्या दिवाळीनंतर, ते मी विचारलं नाही.