मालक म्हणवणाऱ्याला स्वतःच्या घराची कडी उघडेना

हेवी डिपॉझिटच्या, म्हणजे भाड्याऐवजी एकरकमी मोठी अनामत ठेवून जाताना ती परत घ्यायच्या घरापायी माझे ८,५१,००० रुपये गेले आहेत. त्यात ८,००,००० रुपये अनामत, ३०,००० रुपये दलाली, ६,५०० रुपये करारपत्राचा आणि नोटरीचा खर्च, आणि १४,५०० रुपये त्या टेम्पोचे, जो सामान भरून कर्वेनगरमधल्या एका सोसायटीच्या फाटकाबाहेर दुपारभर उभा राहिला आणि भरलेलाच परत फिरला. दुसऱ्याचे घर आपले म्हणून दाखवून अनामत लाटण्याचा हा धंदा कसा चालतो हे पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेले असते, त्यामुळे तो पहिल्यापासून समजावत बसण्यात अर्थ नाही. मला संताप येतो तो याचा, की ही लबाडी मला पैसे देण्याआधी, स्वच्छ उजेडात, हाताच्या अंतरावरून दिसली होती, आणि तरीही ती दिसलीच नाही असे धरून मी पुढे गेले.

'शिकलेल्या माणसांनी असे कसे केले' हे वाक्य आता मला पाठ झाले आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. मी सारी नोकरी एका सहकारी संस्थेत हिशेब तपासण्यात घालवली आहे, खाडाखोड केलेला आकडा माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही, आणि शेअरबाजाराच्या टोळ्यांपासून कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडल्याच्या धमक्यांपर्यंत जे जे फोन आले ते मी जागच्या जागी कापले आहेत. पण आमची कोथरूडची सोसायटी पुनर्विकासाला गेली, विकसकाने घर रिकामे करण्याची तारीख लेखी दिली, आणि इमारतीतली सगळी बिऱ्हाडे एकाच वेळी, एकाच परिसरात घरे शोधू लागली. आसपासच्या सोसायट्यांचेही तेच चालले होते. सासूबाई ८६ वर्षांच्या, यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, त्यामुळे लिफ्ट नसलेले घर चालणार नव्हते, आणि लिफ्ट असलेल्या दोन खोल्यांचे भाडे विकसक देत असलेल्या रकमेच्या पार पुढे गेलेले. अशा वेळी कोणी 'आठ लाख ठेवा, तीन वर्षे भाडे नाही, जाताना पूर्ण रक्कम परत' असे म्हणाला, तर ते ऐकून घेणे हा मूर्खपणा नव्हे. विकसकाचे भाडे हातात राहते आणि मुद्दल सुटते, हा हिशेब कागदावर चोख होता, आणि हिशेबात मी आजही काही चूक दाखवू शकत नाही.

दलालाने घर दाखवायला बोलावले तेव्हा 'मालकाचे धाकटे बंधू' हजर होते. मालक अमेरिकेत, त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र बंधूंच्या नावे, आणि बंधू स्वतः याच घरात आठ वर्षे राहिलेले, असे आम्हाला सांगण्यात आले. स्वयंपाकघरात अंधार होता. बंधूंनी भिंतीवरचे पहिले बटण दाबले तर पंखा फिरू लागला, दुसऱ्याला गिझरचा लाल दिवा लागला, तिसऱ्याला काहीच झाले नाही आणि चौथ्याला ट्यूब लागली. तेही एक वेळ सोडून देऊ. मग मी बाल्कनी दाखवा म्हटले. दार पावसाने फुगलेले होते आणि खालची कडी गच्च बसली होती. बंधू ती डावीकडे ओढतात, उजवीकडे दाबतात, पुन्हा डावीकडे ओढतात, कडी काही सरकेना. तेवढ्यात फोनवर कोणाशी तरी बोलत असलेला दलाल पुढे झाला, त्याने बोलणे न थांबवता, कडीकडे न पाहता, दाराच्या मुठीला धरून दार जरासे वर उचलले, पायाच्या अंगठ्याने कडी बाजूला केली आणि दार उघडून दिले.

त्या क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि ती मोघम हुरहुर नव्हती. 'हा माणूस या घरात कधीही राहिलेला नाही, आणि हा दलाल इथे रोज येतो' हे पूर्ण वाक्य माझ्या मनात उमटले होते. मी बंधूंकडे पाहिले असावे, कारण ते लगेच म्हणाले, "बरीच वर्षे झाली ना ताई, सवय गेली हाताची." सासूबाईंनी पाणी किती वाजता येते असे विचारले, तर म्हणाले, "चोवीस तास, आजी. गुरुवारीसुद्धा." दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची महापालिकेची रीत ज्याला ठाऊक आहे, असा कोणताही पुणेकर हे वाक्य इतक्या निर्धास्तपणे उच्चारणार नाही, त्याच्या मागे निदान टाकीची हकीकत तरी जोडेल.

मी गप्प का बसले, ते सांगते, कारण अनेक घरांतल्या बायकांचे हेच होत असेल. आमच्या घरी माझा संशयीपणा हा चेष्टेचा विषय आहे. भाजीवाल्याच्या वजनापासून लग्नाच्या हॉलच्या बिलापर्यंत मी सगळे तपासते, आणि 'हिच्यातला ऑडिटर निवृत्त होत नाही' हे वाक्य पाहुण्यांसमोर हौसेने सांगितले जाते. जिन्यात मी यांना कडीचे सांगितले तेव्हा हे म्हणाले, "अगं, कडी फुगलीय, तो काय करील? तुला माणसात खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही." दुसरे कुटुंब संध्याकाळी घर पाहायला येणार असल्याचे दलालाने सांगून ठेवले होतेच. मग भीड पडली. समोरच्या माणसाला 'तुम्ही खरोखर मालकाचे भाऊ आहात कशावरून' असे तोंडावर विचारणे मला असभ्य वाटले. भीड ही भिकेची बहीण, असे लहानपणापासून ऐकत आले आहे. ज्यांना असा प्रश्न विचारायचा असेल त्यांनी तो दारातच, चहा घेण्याआधी विचारावा, कारण चहा झाल्यावर तो विचारवत नाही.

टोकन म्हणून २५,००० रुपये यूपीआयने दिले, तेव्हा पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव आले ते मालकाचेही नव्हते आणि बंधूंचेही नव्हते. 'पुतणीचे खाते आहे, माझ्या खात्याची मर्यादा संपली आहे' असे उत्तर तयार होते. पैसे पाठवण्याआधी बँकेतले नाव दाखवण्याची सोय त्यात ज्या कारणासाठी केली आहे, ते कारण डोळ्यांसमोर असताना मी चार आकडी पिन टाकला. पुढचे ३,७५,००० आणि ४,००,००० आरटीजीएसने त्याच खात्यात गेले. ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याशिवाय कोणाच्याही खात्यात एक रुपया पाठवू नका. पुतणी, मेहुणा, 'ऑफिसचे खाते', काहीही सांगोत.

करारनाम्याची नोंदणी 'सर्व्हर डाऊन' असल्याने पुढच्या आठवड्यात होणार होती. तोवर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून देण्यात आला. आता मला कळते की सर्व्हर बंद असण्याची त्यांना किती गरज होती. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांच्या आधारशी अंगठा जुळवावा लागतो, आणि तिथे सोंग चालत नाही. नोंदणीच्या खर्चात काही शे-हजार वाचतात म्हणून नोटरीवर भागवणारे माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत. त्यांनी ते आजपासून थांबवावे. दलालाच्या कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा क्रमांक होता आणि मी त्यावर नको इतकी भिस्त ठेवली. ती नोंदणी प्रकल्पांतल्या घरांच्या खरेदी-विक्रीच्या दलालीसाठी असते, भाड्याच्या घरांशी तिचा काही संबंध नसतो. ते कुलमुखत्यारपत्र तर केवळ छायाप्रत होते. परदेशात केलेले असे पत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेले असावे लागते, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. मूळ प्रत मागितली असती, तर विषय तिथेच संपला असता.

सामान घेऊन गेलो तेव्हा पहारेकऱ्याने सोसायटीचे पत्र मागितले, आमच्याकडे ते नव्हते, म्हणून सचिवांना बोलावले, सचिवांनी मालकांना अमेरिकेत फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मालक म्हणाले, "मला भाऊच नाही." घर दाखवण्यासाठी किल्ली फक्त त्या दलालाकडे दिलेली होती. दलालाचा फोन तेव्हापासून बंद आहे. आमच्यासारखी किल्ली घेतलेली आणखी दोन कुटुंबे नंतर तिथे येऊन गेली, असे सचिवांनीच सांगितले.

इथून पुढे जे घडले त्याला मी दुसरी फसवणूक म्हणते. पहिल्या पोलीस चौकीत सांगितले की पैसे कोथरूडच्या शाखेतून गेले, तेव्हा हद्द आमची नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की घर कर्वेनगरला आहे, तेव्हा हद्द त्यांची. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची, ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेली आहे. मी ते कलम छापून नेले होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "मॅडम, हा दिवाणी वाद आहे. भाडेकरू-मालकाचा. वकील करा." ज्या माणसाचा त्या घराशी काडीचाही संबंध नाही तो माझा मालक कसा झाला आणि मी त्याची भाडेकरू कशी झाले, याचे उत्तर मिळाले नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास प्राथमिकी (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवले आहे, परंतु प्रत्यक्षात आपल्या हातात पडतो तो तक्रार अर्जावरचा आवक शिक्का. पुढे मलाच सुनावण्यात आले की करार नोंदवला का नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, भाड्याने घेणाऱ्यावर नाही, हेही मीच त्यांना सांगायचे. बँकेने वेगळा सूर लावला : तुम्ही स्वतः पाठवले आहेत, कोणी खाते हॅक केलेले नाही, पोलिसांचे पत्र आणा. पोलीस म्हणत, बँकेचा तपशील आणा. नोटरींनी तर आपण फक्त सह्या पाहिल्या, माणसे नव्हे, असे शांतपणे सांगितले. मग फी कसली घेतली, ते त्यांनाच ठाऊक. या टोलवाटोलवीत खात्यातली रक्कम हलत होती. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी चौकीच्या बाकावर बसण्याआधी १९३० या सायबर आर्थिक फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. ठाण्यात दाद मिळाली नाही तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी, कारण दंडाधिकाऱ्यांकडे जाताना ती लागते.

मनाचा कौल ऐकावा, असे म्हटले की सुशिक्षित माणसे हसतात, आणि काही अंशी बरोबरच हसतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या एरवी परस्परविरोधी मतांच्या दोघांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या लेखात मांडले आहे, की ज्या क्षेत्रात गोष्टी ठरावीक रीतीने घडतात आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर कळते, तिथे मुरलेल्या माणसाच्या अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवता येतो. इतरत्र आत्मविश्वास वाटणे हा काही पुरावा नव्हे. हे मला पटते. आठ लाखांच्या अनामतीचा परतावा सुरक्षित आहे का, याबद्दल माझ्या मनाला काय वाटले याला शून्य किंमत होती, कारण तो व्यवहार मी कधी केलेला नव्हता. परंतु माणूस स्वतःच्या घरात कसा वावरतो, हे मी जन्मभर पाहत आले आहे. त्या विषयात मीही मुरलेलीच आहे. तिथे आलेली शंका ही मनाची लहर नव्हती, ती बाल्कनीच्या कडीवरून आली होती. शंका आली की 'मला नेमके काय दिसले' एवढे एकच विचारावे, आणि उत्तरात वस्तू सापडली, म्हणजे कडी, बटण, पडद्यावरचे नाव, तर व्यवहार थांबवावा आणि तपासायला बसावे. तपासायला फार लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, शोधता येते, त्यात घर घेणाऱ्याचे नाव असते. महावितरणचे ताजे बिल आणि महापालिकेच्या मिळकतकराची पावती मागावी. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. सोसायटीच्या सचिवांना दलालाच्या गैरहजेरीत भेटावे. मालक परदेशात असतील तर त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलावे, आणि तो क्रमांक सचिवांकडून घ्यावा, दलालाकडून कदापि नाही.

आता वकिलांमार्फत दंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज केला आहे. 'पुतणी'च्या खात्यात ११,३४० रुपये शिल्लक असल्याचे तोंडी कळले आहे, लेखी अद्याप कोणी दिलेले नाही. कर्वेनगर, वारजे किंवा कोथरूड भागात अशाच प्रकारे, अमेरिकेतल्या मालकाचा भाऊ म्हणवणाऱ्याला कोणी अनामत दिली असेल, तर त्यांनी लाजेखातर गप्प न बसता आपापली बँकेची नोंद, नोटरी केलेला करार आणि दलालाशी झालेले संदेश घेऊन तक्रार द्यावी. एकाच खात्यात तिघांचे पैसे गेल्याचे दिसले, तर निदान 'दिवाणी वाद' हे उत्तर देणे त्यांना जड जाईल.